अप्पांना गार जेवू घातलं त्याची गोष्ट

भालकीच्या स्टेशनवर गाडी हलली तेव्हा बाकीच्यांचे बाप 'जपून राहा', 'पोचलास की फोन कर' असं काहीबाही म्हणत होते. माझे अप्पा खिडकीचा गज धरून चार पावलं चालले आणि म्हणाले, "काय बी खा, पण गार खाऊ नगंस. गार खाल्लं की माणूस गार पडतंय." समोरच्या बाकावरची बाई डब्यातली पुरी तोंडाशी नेत होती, तिचा हात तसाच थांबला. मायच्या डोळ्यांना पदर होता, पण रडता रडता तिनंही मान डोलावली. खटकचिंचोळीच्या आमच्या घरात या विषयावर दुसरं मत नव्हतंच.

गाव सोडलेल्या आणि न सोडलेल्या माझ्या मंडळींनो, तुम्ही कधी आमच्याकडं जेवला असाल तर तुम्हाला ठाऊक आहे. अप्पांची भाकरी तव्यावरून थेट ताटात यायला हवी. टोपल्यात जरा विसावलेली भाकरी त्यांच्या लेखी शिळी. म्हणून ते बसले की माय एकेक भाकरी थापायची आणि मी पळत नेऊन वाढायचो. त्यातल्या दोन गरम भाकऱ्या मीही हाणायचो, हे कबूल करतो. आमचं उरकल्यावर माय काय खायची, कधी खायची, हे मी कधी बघितलं नाही. बघावंसं वाटलं नाही, हे जास्त वाईट.

बेंगळूरुत आल्यावर अक्कल आली. तीही तव्याच्या चटक्यानं. पहिल्या खोलीत मी स्वतः भाकरी थापायला बसलो. परातीतून तव्यापर्यंत जाताना तिचे तीन तुकडे व्हायचे. एक तुकडा करपेपर्यंत दुसरा कच्चा, म्हणून मी शेगडीपुढं उभ्यानंच खाऊन घ्यायचो. एकदा एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात घास, असा उभा असताना एकदम मायची आठवण झाली आणि मी फोन लावला.

"माय, तू कवा जेवतीस?"

"जेवते की. कामून रं? ताप आलाय का तुला?"

आपण कधी जेवतो हे पोरानं विचारावं, तर पोराला तापच आला असणार, असं तिला वाटलं. मला फार लाज वाटली. त्या दिवशी ठरवलं, मायला एकदा तरी आमच्याबरोबर, आमच्याच वेळेला, पुढ्यात ताट घेऊन बसवायचं.

ठरवणं सोपं होतं. गावात तवा आडवा यायचा. सगळ्या वर्षात माय पंगतीत बसायची ती फक्त येळवसला. त्या अमावस्येला घरी रांधलेली भज्जी, आंबील, उंडे शेतात न्यायचे आणि झाडाखाली सगळ्यांनी गारच खायचं. अप्पाही त्या दिवशी मुकाट्यानं गार खायचे, देवापुढं काय बोलणार.

मग ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाला मी गार पास्ता खाल्ला. थाई म्हणे. शेंगदाण्याचा कूट, लिंबू, गूळ, मिरची. चव आवडली, पण त्याआधी सोय आवडली. सकाळी करून फ्रिजमध्ये ठेवा, दुपारी सगळे एकदम बसा. मी फोनवर रेसिपी शोधली आणि तीन रविवार झटलो. पहिल्या रविवारी पास्ता खिरीच्या शेवयांसारखा शिजवला, त्याचा लगदा झाला. दुसऱ्या रविवारी सोया सॉस एवढा ओतला की दिवसभर पाणी पीत बसलो. तिसऱ्या रविवारी जमला, आणि मी आनंदानं तोही शेगडीपुढं उभ्यानंच खाल्ला.

मे महिन्यात दोघं आठवड्यासाठी आले. अप्पांचा हेतू वेगळा होता. माझं लग्न. "तुला गरम करून घालणारी कुणी तर पायजे का न्हाई?" हे त्यांनी दारातच, चप्पल काढायच्या आधी विचारलं. मायनं चप्पल काढून सरळ स्वयंपाकघर गाठलं आणि पिशवीतून तवा काढला. माझ्याकडं तवा आहे हे तिला माहीत होतं. विश्वास नव्हता.

रविवारी मी लवकर उठून सगळं उरकलं. पास्ता उकडून गार पाण्याखाली धरला. गावाकडच्या शेंगा भाजून वाटल्या, त्यात लसूण, आलं, लवंगी मिरच्या, लिंबू, गूळ आणि बेतानं सोया सॉस. गवती चहा आपल्याकडं चहात जातो, तो मी बारीक चिरून रसात घातला. काकडी, गाजर, कांद्याची पात, मूठभर कोथिंबीर. सगळं कालवून फ्रिजमध्ये ठेवलं. मग गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवला आणि जाहीर केलं, "गॅस संपला."

माय आत गेली, सिलेंडर जरासा कलवून बघितला आणि बाहेर आली. "भरलेला हाय की. खोटं कामून बोलायलास? माझ्या भाकरीला काय झालं?"

तिचे डोळे भरले होते. एवढ्या लांबून तवा घेऊन आलेली बाई, आणि पोरगा गॅस लपवतोय! मी पुरता फसलो होतो, म्हणून खरं ते सांगून टाकलं. "भाकरीला काय न्हाई झालं. तू संगट बसावीस म्हणून केलं. आज येळवस समज."

"येळवसला तवा घरी ऱ्हातो."

"मग आज बी घरीच हाय समज. तू शेतात आलीस."

मी तीन ताटं मांडली. ती तिसऱ्या ताटापुढं बसली, पण अर्धीच, उठायच्या तयारीत.

अप्पांनी बोटाच्या मागच्या बाजूनं पास्ता चाचपला. "ह्याला हिव भरलंय. कुठलं म्हणायचं हे?"

"पास्ता इटलीचा, रस थायलंडचा, शेंगा आपल्या."

"सोयरीक लांबची केलीस. जरा गरम कर की."

"केलं तर बिघडतंय, अप्पा."

त्यांनी मायकडं बघितलं. उठून गरम करून आणणारा माणूस आज शेजारी ताट घेऊन बसला होता. अप्पांनी घास घेतला, मिरची लागली, ठसका आला, आणि 'तिखट बरं हाय' एवढं प्रमाणपत्र देऊन ते खाऊ लागले.

मायचं ताट आमच्या आधी संपलं. ती सवयीनं उठली, "काय आणू?" म्हणाली. आणायला काहीच नव्हतं, भांडं मधोमध होतं. ती पुन्हा बसली, आणि यावेळी नीट बसली. तेव्हा अप्पांनी, कुणी न सांगता, डाव उचलला. आयुष्यात पहिल्यांदा. एक डाव तिच्या ताटात घातला आणि दुसऱ्याला अडले.

"किती वाढू?"

माय ताटाकडं बघत राहिली. मग हसली. "मला बी कुठं ठावं हाय? उरंल तेवढं खाते मी."

तुम्ही मंडळी फोनवर विचारता, अजून गावाला घर म्हणतोस का. म्हणतो. पण ज्या घराच्या आठवणीनं मी इथं हळवा व्हायचो, त्या घरात मायची भूक केवढी आहे हे आम्हा दोघा बाप्यांना माहीत नव्हतं. आता घर म्हटलं की मला गावही दिसत नाही आणि हा फ्लॅटही नाही. मला त्या दुपारची तीन ताटं दिसतात, एका वेळेला मांडलेली.

अप्पांनी घसा खाकरला. "तू बास म्हण, मग थांबतो," असं म्हणून ते वाढू लागले. दुसरा डाव झाला, तिसरा झाला. माय काही बास म्हणेना.