पट्ट्याचं शेपूट

ताई गिटार घेऊन बसली की बसली. स्टूल, नाकावर चष्मा, उजव्या मांडीवर गिटार, पायाशी चहाचा कप. उभं राहून वाजवायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. वाढदिवस, ऑफिसांची संमेलनं, कुणाचा तरी निवृत्तीचा समारंभ. जेवणाच्या टेबलांच्या कडेला जो कोपरा उरेल तिथे तिघांचं बस्तान. पुढे माईक धरून तिचा धाकटा भाऊ, मागे ड्रमच्या पसाऱ्यात बुडालेला ठोक्या आणि मधे स्टुलावर ताई. लोक एक कान गाण्याला द्यायचे आणि दोन्ही डोळे ताटाला.

तिला सगळे ताईच म्हणत. ठोक्या तिच्याहून चांगला थोराड, डोक्यावर केस औषधालाही नाहीत, तरी तोसुद्धा ताईच म्हणायचा. भावाचं घरातलं नाव बारक्या. आता तो तिच्यापेक्षा हातभर उंच झाला होता, त्याला चष्माही लागला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. लहानपणी आई कामावर गेली की हा भोकाड पसरायचा. त्याला गप्प करायला ताई गिटार काढायची, आणि हा रडता रडता सुरात रडायला लागायचा. त्याचा गळा ताईनेच पहिल्यांदा ओळखला. पुढे ठोक्याला गाठून तिघांचा ग्रुप उभा केला तोही तिनेच. दिवसभर ती चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, आणि संध्याकाळी टायरच्या गोदामावरच्या खोलीत तिघांची तालीम.

एका संध्याकाळी बारक्या जिना धडाधड चढत आला.

"ताई, नवीन सभागृहाचं उद्घाटन आहे ना, तिथे आपण! खराखुरा रंगमंच, खरेखुरे दिवे. आणि लोक जेवत नसणार!"

"मग करणार काय बिचारे?" ठोक्या म्हणाला.

"ऐकणार! पण ताई, एक आहे. तिथे स्टूल नाही चालायचं. उभं राहून वाजवावं लागेल."

ताईला हसू आलं. इतकी वर्षं वाजवतेय, आणि आता उभं राहायला शिकायचं. पण आतून ती हरखली होती. त्या रात्री आरशासमोर ती नुसतीच उभी राहून बघत होती, हातात गिटार नसतानाही.

उभं राहायचं म्हणजे पट्टा हवा. बारक्याने कुठूनतरी एक अरुंद, गुळगुळीत नायलॉनचा पट्टा आणला. गिटारच्या बुडाशी एक आणि खांद्याशी एक अशी दोन बटणं असतात, त्यांवर पट्ट्याची भोकं अडकवली आणि त्याने पट्टा सैल सोडला, सोडला, गिटार मांड्यांपर्यंत खाली येईतो.

"अरे, ही गिटार आहे की कमरेचा करगोटा?"

"असंच वाजवतात गं स्टेजवर. मस्त दिसतं. माझ्यावर सोड."

तिने सोडलं. आठवडाभरात डावं मनगट ठणकायला लागलं. गिटार खाली गेली की तारा दाबायला मनगट दुमडावं लागतं, आणि दुमडलेल्या मनगटाने कॉर्ड धरायची म्हणजे दार अर्धं लावून त्यातून कपाट बाहेर काढायचं. शिवाय तो पट्टा खांद्यावरून घसरायचा. डावा हात जरा सुटला की गिटारची मान जमिनीकडे कलायची, म्हणून हाताने वाजवायचंही आणि सावरायचंही. दुकानात काच घासण्याच्या यंत्रापुढे बसली तर बोटं थरथरायची. एक काच कोपऱ्यातून उडालीच. मालकाने ती काच उचलून नुसती उजेडात धरली, ते जास्त लागलं.

शेवटी ती वाद्यांच्या दुकानात गेली. तिथल्या मालकाला सगळे जिराफ म्हणत, कारण दुकानातल्या सगळ्यात वरच्या खुंटीवरची गिटार तो शिडीशिवाय काढायचा. स्वतःही वाजवायचा, आणि चांगलं वाजवायचा.

"बसा आधी," तो म्हणाला. "वाजवा. आता गिटार जिथे आहे ना छातीच्या खाली, ती जागा लक्षात ठेवा. उभं राहिलात तरी ती तिथेच राहिली पाहिजे. बाकी सगळं फॅशन."

ताईने कपाळावर हात मारला. ती दिवसभर दुसरं काय करत होती? माणूस वाकला तरी चष्मा नाकावर जिथल्या तिथे राहिला पाहिजे, म्हणून तर ती नाकाच्या चकत्या केसभर इकडे, केसभर तिकडे करायची. स्वतःच्या गळ्यातल्या गिटारच्या बाबतीत मात्र तिने हे भावावर सोडलं होतं.

जिराफाने पट्टे काढले. मऊ गादीचा तिला गरम वाटला. पूर्ण चामड्याचा कडक, मानेला काचायचा. अखेर एक चार बोटं रुंद, जाड सुती पट्टा आवडला. आतून खरखरीत चामडं लावलेलं, त्यामुळे खांद्याला धरून राहायचा. हात सोडून बघितले. गिटार हलली नाही. बक्कल कमरेच्या पट्ट्यासारखं, पण भोकं नसलेलं. हवा तितका पट्टा ओढायचा आणि दाबायचं. ताईची उंची बेताची, त्यामुळे बरंच शेपूट खाली लोंबत राहिलं. जिराफाने ते टोक उलटं वळवून बक्कलाखाली दोनदा खोवलं.

"हे असं. लोंबत नाही, सुटत नाही. माझी पद्धत आहे. दुसरं कुणी असं करत नाही."

घरी आल्यावर ताईने ते खोवलेलं टोक मोकळं केलं, कारण तिथे गळ्याजवळच्या हाडावर गोळा बोचत होता. मग काचांवर खुणा करायच्या पांढऱ्या पेन्सिलीने बक्कलाच्या कडेला पट्ट्यावर एक रेघ मारली. ही तिची उंची. पंधरवड्यात मनगट बरं झालं. आधी ठणका गेला, मग थरथर, मग हात असल्याची जाणीवच गेली. दुखणं यापेक्षा छान बरं होत नाही.

तालमीत बारक्याने तिला बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"अगं, किती वर! गळ्यात पर्स अडकवून बाजारात निघालीयेस का?"

"पर्स तर पर्स. वाजतंय कसं ते सांग."

"वाजतंय झकास," ठोक्या मागून म्हणाला.

बारक्याने माईक हातात घेतला. त्या दिवशी गाताना त्याने एकदाही तिच्याकडे वळून पाहिलं नाही. एरवी कडव्याच्या तोंडाशी तो वळायचाच, तिची मान हलली की सूर उचलायचा.

दोनच दिवसांनी त्याचा फोन आला. "ताई, हात जपायला हवा गं. कार्यक्रम जवळ आलाय. चारपाच दिवस आराम कर. आम्ही दोघं गाणं आणि ड्रमचं बघून घेतो. गिटार राहू दे तालमीच्या खोलीतच, येण्याजाण्यात उचलायला नको."

"अरे, हात ठीक आहे माझा."

"आहे गं, पण माझ्यासाठी."

माझ्यासाठी म्हटलं की ताईचं सगळं अडायचं. तिने आराम केला. उलट मनात म्हणाली, पोरगं मोठं झालं, काळजी करायला लागलं.

पाचव्या संध्याकाळी ती तालमीला आली ती सगळ्यांच्या आधी. दिवा लावला, ॲम्प चालू केला, गिटार उचलून पट्टा डोक्यावरून घातला. गिटार सरकन खाली गेली, मांड्यांवर आदळली. तिने पट्टा चाचपला. पांढरी रेघ बक्कलापासून वीतभर दूर, पाठीकडे गेली होती. आणि उरलेलं आखूड शेपूट उलटं वळवून बक्कलाखाली खोवलेलं होतं. दोनदा.

ती तशीच उभी राहिली. कुणी सांगायची गरज नव्हती. बारक्याने सहज उचलली असती तर शेपूट लोंबत राहिलं असतं, ठोक्याला तर गिटार कुठून धरतात तेही माहीत नव्हतं. उंच माणसाने, त्याच्या बेताने, सावकाश, रोज वाजवायचं म्हणून लावलेला पट्टा होता तो. ज्याने तिची उंची तिला शोधून दिली, त्यानेच.

जिन्यावर पावलं वाजली. बारक्या आत आला, मागे ठोक्या. तिला बघून बारक्याचं हसू अर्ध्यावर थांबलं.

"ताई? तू उद्यापासून येणार होतीस ना?"

"जिराफ किती वाजता येतो?"

ठोक्याने ड्रमच्या काड्या उगाच पुसायला घेतल्या.

"सांगणारच होतो," बारक्या म्हणाला. "तुझ्या हाताचाच विचार करून—"

"हाताचं नाव घेऊ नकोस. हात तू दुखवलास आणि मी बरा केला. खरं काय ते बोल."

त्याने माईकचा स्टँड बाजूला सारला. मग एकदम बोलला, "मोठा रंगमंच आहे ताई. लोक बघायला येणार. तू ती अशी वर बांधून, चष्मा नाकावर… शाळेतल्या बाईंसारखं दिसतं. मी काय करू? एकदाच अशी संधी येते."

"ठोक्या, तुला माहीत होतं?"

"ताई, मी मागे बसतो. मला पुढचं काय दिसतंय—"

"दिसायचं तेवढं दिसतं तुला," ताई म्हणाली.

तिने बक्कल सैल केलं, खोवलेलं टोक ओढून काढलं, आणि पट्टा खेचत रेघ पुन्हा बक्कलाशी आणली. गिटार वर आली, आपल्या जागी बसली. मग कुणाकडेही न बघता तिने कार्यक्रमातल्या पहिल्या गाण्याची सुरुवात वाजवली. उभी राहून. स्वच्छ. मनगट सरळ, खांदा सैल. कडव्याचं तोंड आलं आणि सवयीने तिची मान हलली, आणि सवयीनेच बारक्याने सूर उचलला. क्षणभर सगळं पूर्वीसारखं झालं. त्याच क्षणी तिने तारांवर तळहात ठेवला. त्याचा आवाज एकटाच खोलीत लटकत राहिला.

"सूर चांगला लागलाय," ती म्हणाली. वायर गुंडाळली, गिटार खांद्याला लावली आणि जिना उतरली. खाली टायरच्या वासात ती पहिल्यांदा रडली, तेही पाठ भिंतीला लावून, कारण वरच्या खिडकीतून दिसलं असतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बारक्या चष्म्याच्या दुकानात आला. थेट मागच्या खोलीत.

"ताई, राग कळतो मला. पण तुझ्या गिटारचा आवाज त्याच्या एकाही गिटारला येत नाही. तेवढी एक दिवस दे. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय तुझी."

"खुर्ची," ताई म्हणाली. "म्हणजे बसूनच."

त्याने मान खाली घातली. गिटार तिथेच कपाटाला टेकवून ठेवलेली होती. हल्ली जेवणाच्या सुट्टीत ती तिथेच वाजवायची, उभी राहून, यंत्रांच्या मधल्या फटीत.

"ने की. घालून बघ."

त्याने पट्टा डोक्यावरून घातला. गिटार त्याच्या छातीवर चढली, जवळजवळ हनुवटीखाली. त्याने बक्कल चाचपलं, पट्टा सैल करायला गेला. सैल करायला काही नव्हतंच. पांढऱ्या रेघेपाशी पट्टा कापलेला होता, आणि कापलेली कड बक्कलात आतून शिवून टाकलेली, बारीक घट्ट टाक्यांनी.

"हे कसं लांब करायचं?"

"होत नाही."

"ताई, दुसरा पट्टा लावता येईल…"

"येईल. जिराफाच्या दुकानात भिंत भरून आहेत. पण ही गिटार या पट्ट्याशिवाय कुठे जाणार नाही. आणि हा पट्टा आता फक्त मला होतो."

त्याने गिटार काढून ठेवली. वाकल्यामुळे त्याचा चष्मा नाकावरून ओघळला. ताईचा हात आपोआप पुढे झाला. तिने चष्मा काढून घेतला, चकत्या चिमट्याने जराशा आत घेतल्या, कानामागची दांडी कोमट करून वाकवली, आणि त्याच्या डोळ्यांवर परत चढवला.

"वाक बघू."

तो वाकला. चष्मा हलला नाही. बिनचष्म्याच्या त्या क्षणात त्याचे डोळे भरले होते ते तिने पाहिलं होतं.

"उद्या दिव्यांखाली घाम येईल, तरी पडणार नाही," ती म्हणाली, आणि यंत्राचं बटण दाबून पुढची काच हातात घेतली.