तोंडाला लागलं की फुंकायचं

कप्तानांना सगळं येतं. निदान ते तरी तसं सांगत. उभा जन्म बँडचे कप्तान म्हणून ट्रम्पेट वाजवून गाल सैलावले, पण ताठा काही मेला सैल होईना! फुप्फुसांनी दगा दिला तरी चारचौघांत कोणी शिकवलेलं त्यांना खपत नसे.

आज त्यांना इस्पितळातून घरी सोडणार होते. औषधं समजावणारी फार्मासिस्ट मुलगी खाटेशी स्टूल ओढून बसली. "काका, ही कॅप्सूल गिळायची नाही हं. इनहेलरमध्ये घालायची. आधी श्वास बाहेर सोडायचा, मग इनहेलर ओठांत धरून जोरात आत ओढायचा. घरी जमत होतं ना?"

"अगं पोरी, तोंडाने वाजवण्यात हयात गेली माझी. मला काय शिकवतेस?"

शेजारच्या खाटेवरचे हसले. पायथ्याशी पिशवी भरणारी बायको मात्र हसली नाही. तिला माहीत होतं. इनहेलर ओठांना लागला की कप्तान फुंकायचे! सवयच ती. पूड सगळी बाहेर, छातीत कणभर नाही. सांगू सांगू म्हणत तिने महिने घालवले. त्यांचा चेहरा उतरेल या धाकाने जीभ रेटत नव्हती. गेल्या आठवड्यात त्यांचे ओठ निळे पडले, तेव्हा तिनेच त्यांना इथे आणलं.

मुलीला अजून चार खाटा उरकायच्या होत्या. ती उठली.

"थांब गं!" बायको एवढ्या मोठ्याने ओरडली की दारातली नर्स वळून बघायला लागली. "काही जमत नाही त्यांना. ओढत नाहीत, फुंकतात. रोज फुंकतात!"

कप्तानांची मान खाली गेली. मुलीने कॅप्सूल भरून इनहेलर पुढे केला. ओठ लागले, गाल फुगले आणि पूड भुर्रकन चादरीवर उडाली.

"वाजवताना दम कधी भरायचात, काका?"

"सूर लावायच्या आधी. पोटभर."

"तेवढंच करा. सूर लावायचाच नाही."

नवी कॅप्सूल भरली. त्यांनी श्वास सोडला, इनहेलरवर ओठ मिटले, जोरात आत ओढला. आत कॅप्सूल खुळखुळली. दम कोंडून ते लालबुंद झाले, मग हळूच सोडला आणि बायकोकडे वळले.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"अगं बाई, मेलो असतो ना मी!"

ती मटकन खाटेवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. कप्तान तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यापुढे चुकलो की तिथल्या तिथे ओरडायचं. घरात पाहुणे असले तरी."