दाताने तोडलेलं सूत

"दात चांगले आहेत. हिरडी खाली सरकलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जिंजायव्हल रिसेशन. म्हणजे हिरडी सरते आणि दाताचं मूळ उघडं पडतं."

मी मान खाली घातली. उघड्या मुळाचा तो पिवळा भाग मला घाण वाटायचा. लाजेने कडक ब्रश घेऊन खसाखसा घासायचो. त्या घासण्यानेच हिरडी आणखी गेली, असं बाईंनी सांगितलं.

मी मंडणगडकडचा, आठवीत शाळा सोडलेला. इथे रत्नागिरीला बंदरावर जाळी शिवतो. खालचे दोन दात लांब दिसायला लागले तसं हसणं बंद केलं. आईचा व्हिडिओ कॉल आला की फोन समुद्राकडे फिरवायचो. "समुद्र काय बघू? तुझं तोंड दाखव रे," ती म्हणायची. तिला वाटायचं, पोरगा पिऊन बसलाय.

बाईंनी ऑपरेशन करायचं ठरवलं. त्याला ग्राफ्ट म्हणतात. टाळूची पातळ कातडी काढून हिरडीवर शिवतात. भूल दिल्यावर दुखत नाही, नंतर टाळू झोंबते. बाईंनी बजावलं, "पुढच्या दातांनी काही चावायचं नाही. कातडी धरली नाही तर पुढे दात हलायला लागतील."

ऑपरेशन झाल्यावर थोडे दिवस पेज पिऊन काढले. मग करमेना, म्हणून जाळ्यावर बसलो. गाठ मारली आणि सवयीने नायलॉनचं सूत दातात धरून तोडलं. तोंडात रक्त आलं.

"डॉक्टरने शिवलंन ते तू उसवलंस?" आमच्या बोटीचे प्रमुख, तांडेल, ओरडले. जाळ्यावर बसलेले बाकीचे हसले. मला परत दवाखान्यात जायची लाज वाटत होती. तांडेलांनी स्कूटरवर बसवून नेलंच.

"काय चावलंत?" बाईंनी विचारलं. तांडेल म्हणाले, "जाळ्याचं सूत. आम्ही सगळेच दाताने तोडतो, बाई."

"मग हिरडी त्या सुतानेही कापली गेलीय. हे मी आधी विचारायला हवं होतं." बाई रागावल्या नाहीत. तांडेलांकडे वळून म्हणाल्या, "आता तुमचे दात दाखवा."

तांडेलांनी तोंड गच्च मिटलं.

बाईंनी सुटलेला टाका पुन्हा घातला. त्यांचे उपकार विसरणार नाही. एका दाताचं मूळ झाकलं गेलं, दुसऱ्याचं थोडं दिसतं. आता गळ्यात कात्री बांधून बसतो. तुमची हिरडी सरत असेल तर माझ्यासारखं घासत बसू नका. आणि दातांनी काय काय करता, ते डॉक्टरांना सांगा.

परवा फोन सरळ तोंडासमोर धरला आणि हसलो. आईने फोन डोळ्यांजवळ नेला.

"वाळलास रे," एवढंच म्हणाली. दातांकडे तिचं लक्षच गेलं नाही.