बिनखिळ्याची पेटी

ओंडका आऱ्यावर चढवण्याआधी मिस्त्री त्यावर डावा तळवा ठेवायचा, उजव्या हातातल्या कुऱ्हाडीच्या दांड्याने ठोकत ठोकत पुढे सरकायचा आणि मध्येच म्हणायचा, "थांबा. याच्यात कोनी हाये."

कोणी म्हणजे लोखंड. शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या झाडांत लोक खिळे, तारा, काय काय ठोकून ठेवतात आणि वर्षांमागून वर्षे साल त्यावरून वाढत जाते. बाहेरून काही दिसत नाही. आऱ्याचा पट्टा त्यावर गेला की तुटतो आणि तुकडा माणसाच्या अंगावर येतो. सत्तरच्या दशकात मंगरूळपीरला माझी आरा मशीन, म्हणजे लाकूड चिरायची गिरणी होती. बैलगाडीने लाकूड वाहून वाहून मी ती उभी केली होती, त्यामुळे पट्टा तुटला की माझं डोकं फिरायचं.

मिस्त्री किन्हीराजाचा, बौद्ध घरातला. सगळे मला मालक म्हणत, हा भाऊ म्हणायचा. मी एकदा टोकलं तर म्हणाला, "मालक तुमी आऱ्याचे. माहे नाही."

एकदा चिंचेच्या ओंडक्यावर हात ठेवून म्हणाला, "दोघं हायेत. जोडीनं." छिन्नीने कोरलं तर बोटभर आत, एका रेषेत, दोन कड्या निघाल्या. "पाळना बांधला असन कोनी," तो म्हणाला, आणि त्या कड्या फडक्यात गुंडाळून ज्याचं झाड होतं त्या शेतकऱ्याला देऊन आला. त्याच झाडाच्या भावावरून मी त्या शेतकऱ्याशी सकाळभर भांडलो होतो. मी लाकूडच पाहत होतो.

मग एका बाभळीने घात केला. मिस्त्रीने ओंडका पुढे सोडला आणि पट्टा तुटला. तुकडा एका मजुराच्या मानेजवळून जाऊन खांबात रुतला. मी चारचौघांत मिस्त्रीला वाटेल ते बोललो. त्याने बाभळीतला खिळा उचलला, उलटसुलट पाहिला आणि खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "भाऊ, लोखंड हुडकायची मशीन निंघाली म्हनतात. घेऊन टाका. एखाद्याचा जीव जाईन."

अकोल्याच्या एका एजंटाकडून मी ती घासाघीस करून घेतली. काठीला लावलेलं कडं, वर काट्याची डबी, आणि लोखंड जवळ आलं की कुई आवाज. सोबत वर्षभराच्या गॅरंटीचा कागद. मला वाटलं, मिस्त्री रुसेल. तो आधी हाताने तपासायचा, मग मशीन फिरवून काट्याकडे टक लावून पाहायचा. दोघांचं जुळलं की म्हणायचा, "पास झाली."

चार महिन्यांत ती मुकी झाली. एजंट म्हणाला, मुंबईला कंपनीकडे पाठवा. सील शाबूत असेल तर फुकट दुरुस्ती. मी म्हटलं, "कायले पाठवाची? आपला रेडिओवाला खोलून पाहीन." मिस्त्रीने डबीवर हात ठेवला. "सील तोडू नका भाऊ. त्याईले नाही म्हनायले कारन पायजे असते. आपून कारनच द्याचं नाही."

त्याने दोन दिवस खपून सागवानाची पेटी केली. खाचेत खाच, बाभळीच्या लाकडी मेखा, वरून काथ्याची दोरी. लोखंडाचा कणही नाही. मशीन आत कापसात बसवली. वाशीम स्टेशनवरचा पार्सलबाबू म्हणाला, खिळे आणि पत्र्याची पट्टी मारल्याशिवाय घेणार नाही. "याच्यावर उभे राहा, साहेब," मिस्त्री म्हणाला. बाबू खरोखर चढला. पेटी करकरलीसुद्धा नाही. बाबू खाली उतरला आणि त्याने निमूट पावती फाडली.

पुढचे दोन महिने मिस्त्री एकेका ओंडक्याला तिप्पट वेळ लावायचा. जरा शंका आली की खडूची फुली मारून बाजूला. फुल्यांचा ढीग वाढत गेला. मी ओरडायचो, तो घाई करायचा नाही.

मशीन त्याच पेटीत परत आली, तशीच मुकी. सोबत चिठ्ठी: पेटीचा खिळा आत घुसून कॉइल तुटली, वाहतुकीतल्या नुकसानीला गॅरंटी लागू नाही. हे आठवलं की आजही माझ्या मस्तकात तिडीक जाते.

आम्ही दोघे पेटी मांडीवर घेऊन एस.टी.ने अकोल्याला गेलो. मी दुकानात आवाज चढवला. एजंट हसत राहिला. माझ्यासारखे त्याने खूप पाहिले असणार. मिस्त्रीने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. मशीन बाहेर काढली. दोरी सोडली. एकेक मेख बोटांनी उपसून टेबलावर ओळीने ठेवली, फळ्या सुट्या करून मांडल्या. मग एजंटाला ती चिठ्ठी मोठ्याने वाचायला लावली.

"आता यातला खिळा कोनता, तेवढा दाखवा साहेब."

एजंटाने एकेक फळी उलटून पाहिली. गिऱ्हाइकं उठून टेबलाभोवती आली. आयुष्यभर तोंडाच्या जोरावर सौदे केलेला मी, त्या मेखांच्या ओळीकडे पाहत बसलो. एवढा मोठा माणूस मी रोज पाच हातांवरून पाहत होतो.

पंधरा दिवसांत दुसरी मशीन आली, नव्या गॅरंटीसकट.

मिस्त्रीने आठ दिवस दोन मजुरांना ती चालवायला शिकवलं आणि मग माझ्यासमोर येऊन म्हणाला, "मी आता जातो, भाऊ." मला वाटलं, भाव वाढवतोय. मी पगार वाढवला, पुन्हा वाढवला.

"तसं नाही. डावा कान कवाचाच गेला माहा. आता उजवाही चालला. बाभळीतला तो मले आयकूच आला नाही. मशीन नीट झाल्याबिगर जाता येत नव्हतं."

माझी त्याच्याबद्दल तक्रार आहे ती हीच. हे त्याने आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी दुसरा मिस्त्री पाहिला असता, हेही खरं.

"जा मंग," मी म्हणालो. रागातच.

तो पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडला आणि स्टँडच्या रस्त्याला लागला. मी धावत फाटकापर्यंत गेलो, दोनदा हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही. मागे आरा चालू होता की मी तो बंद करून आलो होतो, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.