चार चाकांचा दिवा

आमची थोरली सून दुधाची गाडी चालवते. डोंगरातल्या गोठ्यांवरून सकाळी कॅन गोळा करायचे आणि आठाच्या आत खाली डेअरीत पोचवायचे, असं तिचं अकरा वर्षं चाललंय. लग्न होऊन आली तेव्हा तिला सायकलसुद्धा येत नव्हती. पिकअप तिच्या दिराची होती. तो नोकरीला परगावी गेला, गाडी दारात उभी राहून गंजायला लागली, तेव्हा हिनं किल्ली मागून घेतली. मी तेव्हा नाक मुरडलं होतं, खोटं कशाला लिहू. आता तिच्या हातची गाडी सोडून दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसले की माझा जीव वरखाली होतो.

गाडीचं बरंचसं काम ती स्वतःच करते. माझा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, शाळेच्या ऑफिसात कारकून. त्याला पाना आणि पळी यांतला फरक विचारू नये. हिची मात्र एक पद्धत आहे. काढलेला प्रत्येक स्क्रू ती साबणाच्या वडीत खोचून ठेवते, काढला त्या क्रमानं. लावताना उलटीकडून सुरू करायचं, म्हणजे चुकत नाही. त्यामुळे आमच्या न्हाणीघरातला एकही साबण धड नाही. सगळ्यांना देवी आल्यासारख्या खाचा.

तर या गाडीत गिअरच्या दांड्याशेजारी एक गोल बटण आहे. ते दोनवर असलं की मागची दोन चाकं ओढतात. चारवर फिरवलं की चारही ओढायला लागतात आणि समोर हिरवा दिवा लागतो. वरच्या वस्तीचा चढ नुसता मातीचा, आणि अंगावर येणारा. चार चाकांशिवाय गाडी निम्म्यातूनच मागे घसरते. गेल्या महिन्यात एका सकाळी हिनं बटण फिरवलं तर दिवा लागेना, नुसता मिचमिचायला लागला. चाकं दोनाची दोनच. वरच्या लोकांना आपापले कॅन पाठीवर घेऊन खाली उतरावं लागलं.

पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही. चौथ्या दिवशी सगळेच बोलले. डेअरीचा सुपरवायझर म्हणाला, वरची लाइन तुला जमत नसेल तर सांग, मोठा ट्रकवाला तयारच बसलाय. वरची लाइन म्हणजे हिचं निम्मं दूध. ती गेली तर उरलेल्यासाठी गाडी काढणंच परवडायचं नाही, म्हणजे कामच सुटलं. हिनं घरी येऊन एवढंच सांगितलं आणि जेवायला बसली, पण भाकरी तशीच हातात.

वायरिंगवाल्याला बोलावलं. त्यानं आपला कॉम्प्युटर गाडीला जोडला आणि निदान केलं: चार चाकांचं कंट्रोल मॉड्यूल गेलंय. मला वाटलं होतं काहीतरी अवजड असेल. बघते तर साबणाच्या डबीएवढं काळं खोकं. बटणाचा हुकूम पुढच्या चाकांना पोचवायचा, एवढंच त्याचं काम. ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या पायाशी, प्लास्टिकच्या झाकणामागं ते बसवलेलं असतं.

हिनं भंगारवाल्याकडून तसंच एक आणलं. बॅटरीची तार सोडली, झाकण काढलं, जुनं काढलं, दुसरं घातलं. प्लग अगदी टक्कन बसला. हिला वाटलं, बसला म्हणजे झालं. दिवा पुन्हा मिचमिच. मग वायरिंगवाल्यानं पाठीवरचा नंबर वाचला आणि म्हणाला, शेवटची दोन अक्षरं वेगळी आहेत, हे तुमच्या गाडीचं नव्हेच. आधी का नाही सांगितलंत, असं हिनं विचारलं. तर म्हणे, आधी तुम्ही विचारलं नाही.

नवीन मागवलं. सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत घरात कुणी मोठ्यानं शिंकायचीसुद्धा सोय नव्हती. मुलगा बिचारा गंमत करायला गेला, म्हणाला, "अगं, माझ्या ऑफिसात फाइल पुढे सरकत नाही, तसंच दिसतंय हे. चहापाणी दे त्या डबीला." हिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो चपला घालून बाहेरच गेला.

नवीन आलं, बसवलं. त्याला आधी गाडीची ओळख करून द्यावी लागते म्हणे, तीही वायरिंगवाल्यानं दिली. हिरवा दिवा लागला, गाडी वर गेली. दोन दिवस घर माणसात आलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा मिचमिच.

आता मात्र तिचं डोकं फिरलं. वायरिंगवाला म्हणे मालच खराब. दुकानदार म्हणे बसवणारा खराब, आणि विजेची वस्तू आम्ही परत घेत नाही. सुपरवायझरनं सांगून टाकलं, सोमवारी मी स्वतः वर येतो. तुझी गाडी आली तर आली, नाहीतर लाइन ट्रकवाल्याची.

रविवारी दुपारी ती गाडीत त्या झाकणापाशी डोकं खुपसून, पाय दाराबाहेर टाकून आडवी पडली. मी पायरीवर बसून शेंगा सोलत होते. मग ती उठली, तर गालावर पायपुसण्याचे वळ आणि चेहरा असा, की मला वाटलं काही चावलं. मला म्हणाली, इथं हात लावून बघा. पायपुसणं खालून ओलं. मी बोटं नाकाशी नेली. नासलेलं दूध.

त्या ओलीच्या कडेनं वायरींचा जुडगा वर गेलेला, आणि मॉड्यूलमध्ये घुसतो तो प्लग आतून हिरवागार. आपल्या तांब्यापितळेला कळंक चढतो तसा. नवीन मॉड्यूल त्याच प्लगात घातलेलं, मग ते तरी काय करणार? हिनं आणि वायरिंगवाल्यानं दोनदा प्लग काढला-घातला, पण आत डोकावलं कुणीच नव्हतं.

"दूध इथं कुठून आलं?" मी विचारलं.

मग तिनं सांगितलं. वरच्या वस्तीत एक म्हातारा आहे, एकच गाय. स्वभावानं इतका वाकडा की सगळे त्याला तिरशिंगरावच म्हणतात. त्याचे हात थरथरतात. किटलीचं झाकण हरवलंय, वर फडकं बांधून आणतो. मागं मोठ्या कॅनांत ठेवली तर कलंडेल, म्हणून ही ती किटली पुढे, आपल्या शेजारी पायाशी ठेवायची. चार वर्षं. रोज वळणावर थोडं हिंदकळायचं. आणि केबिनमध्ये दूध ठेवायचं नाही असा डेअरीचा नियम, म्हणून कुणाला सांगितलंही नाही.

"आता मी कुणाला बोलू, आई?" ती म्हणाली. तीन आठवडे ती सगळ्यांवर चिडली होती, आणि आता चिडायला माणूसच उरला नाही.

वायरिंगवाल्यानं जुना प्लग कापून नवा जोडला. हिनं झाकणाची एक किटली मिळवली, तिच्यावर म्हाताऱ्याचा डेअरीतला नंबर रंगवून घेतला. पण मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, तो म्हातारा डोळ्यात पाणी आणून उभा राहिला की ही पुन्हा त्याची किटली पुढेच ठेवणार. "तू जा बरोबर. जागा अडवून बस." तर सोमवारी मी शाल गुंडाळून पायाशी पिशवी ठेवून बसले.

चढाच्या पायथ्याशी तिनं बटण फिरवलं. दिवा दोनदा मिचमिचला. तिनं ओठ आवळले. मग तो लागला आणि लागलेलाच राहिला. गाडी मातीत दात रोवल्यासारखी वर निघाली.

वर सुपरवायझर उभा होता, शेजारी ट्रकवाला. सुपरवायझरनं घड्याळ बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं, आणि "ठीक आहे, चालू दे तुझी लाइन," म्हणाला. बस. तीन आठवड्यांचं एवढंच. ट्रकवाला तोंड पाडून निघून गेला.

तेवढ्यात तिरशिंगराव फडकं बांधलेली किटली घेऊन आले. त्यांच्या किटलीच्या जागी मी बसलेली बघून तिथंच थांबले. हिनं खाली उतरून त्यांचं दूध नव्या किटलीत ओतलं, झाकण दाबलं आणि किटली मागं दोरीनं बांधली.

"माझ्या किटलीला काय धाड भरली होती?" ते कडाडले. "चार वर्षं चालली की. आज सासूला हवा खायला आणलीस, म्हणून माझं दूध मागं?"

सुपरवायझर चार पावलांवर. मला दिसत होतं, तिच्या जिभेवर सगळं आलेलं: भंगारवाला, दुकानदार, ओलं पायपुसणं. तिनं दोरीची गाठ पुन्हा एकदा आवळली.

"झाकण बसतं हो हिला, आजोबा," ती म्हणाली. "सांडणार नाही."

"माझं कधी सांडलं होतं?" म्हातारा म्हणाला.

ती गाडीत येऊन बसली, दार जरा जोरात लागलं. पहिलं वळण ओलांडलं. मग सुरू झाली. समोरच्या काचेशी बोलत होती, माझ्याशी नाही. तीन आठवड्यांत ज्याला ज्याला काही म्हणायचं राहून गेलं होतं, त्या प्रत्येकाचा नंबर लागला. म्हाताऱ्याचा दोनदा. तिच्या तोंडून असले शब्द मी कधी ऐकले नव्हते, एकदोन तर मला नवीनच. मी वरचा दांडा धरून मुकाट बसले.

सपाटीला आल्यावर तिनं बटण परत दोनवर फिरवलं. दिवा विझला.

"आई," ती म्हणाली, "तुम्हाला उद्यापण यावं लागेल."