नोराची ओळ

रोहिणीला नापास माल डोळ्यांसमोर खपत नसे. आयर्लंडमध्ये गॉलवेतल्या ज्या कारखान्यात ती क्वालिटी इंजिनिअर होती तिथे हृदयात सरकवायच्या बारीक नळ्या बनत, आणि सदोष नळी त्याच दिवशी नष्ट करायची, असा तिथला दंडक होता. चुकून कुणाच्या छातीत गेली तर? सवय चांगलीच. पण कारखान्यातला गाऊन जसा दाराशी उतरवून ठेवता येतो, तशी सवय काही उतरत नाही. ही बाई घरी कोथिंबीर निवडली तरी पिवळं पान ओट्यावर क्षणभर ठेवत नसे, लगेच कचऱ्यात.

गॉलवेतच एम.एस्सी. संपवून ती या नोकरीला लागली आणि गावाबाहेर मॅलकी रूनीच्या घरात वरची खोली घेऊन राहिली. मॅलकी सत्तरी ओलांडलेला कंट्री गायक. आयर्लंडभरच्या डान्स हॉलमधून पन्नास वर्षं गायलेला, अर्ध्या देशाची लग्नं आपल्या गाण्यांवर जमली असं बिनदिक्कत सांगणारा. त्याची बायको नोरा त्याच्याबरोबर गायची. ती दोन वर्षांपूर्वी गेली, आणि तेव्हापासून त्याने स्टेज सोडलं होतं.

दोन हजार एकवीसच्या जानेवारीत दोन गोष्टी एकदम झाल्या. लॉकडाऊन पुन्हा कडक झाला, आणि मॅलकीच्या स्वरयंत्रावर गाठ आढळली. गाठ काढू, आवाजाचं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. ऑपरेशन मार्चमध्ये. शेवटच्या अल्बमची गाणी तयार होती, पण स्टुडिओ सगळे बंद.

"तू कॉलेजात साउंडचं काहीतरी करायचीस ना?" त्याने विचारलं.

करायची खरी. पुण्यात एकांकिका स्पर्धांना ती पडद्यामागून दाराची बेल आणि कुत्र्याचं भुंकणं वेळेवर सोडायची. एवढ्या भांडवलावर तिने एक बरा माइक मागवला आणि कामाला लागली.

जिन्याच्या वरच्या टोकाला गरम पाण्याच्या टाकीचं कपाट होतं. तिथले लोक त्याला हॉट प्रेस म्हणतात. टॉवेल, चादरी तिथेच ठेवतात, त्यामुळे आत आवाज घुमत नाही. त्यात मॅलकी अंग चोरून उभा राहायचा. गिटारवाला आणि फिडलवाला (फिडल म्हणजे व्हायोलिनच) आपापल्या घरून वाजवून पाठवत. ते हेडफोनवर ऐकत हा गायचा. रोहिणी बाहेर पायरीवर लॅपटॉप घेऊन बसे. दिवसाच्या शेवटी सगळ्यात चांगलं ठेवायचं आणि बाकीचं पुसून टाकायचं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीला चुकून भलतंच जायला नको.

आवाज आठवड्यागणिक खरखरत चालला होता. शेवटची गाणी तर दोघांनी अक्षरशः जीव मुठीत धरून उरकली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, दोघं स्वयंपाकघरात बसून सगळा अल्बम ऐकायला लागले.

"ग्रँड," मॅलकी म्हणाला. आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे ठीक आहे, पुढे विचारू नकोस. मग तो म्हणाला, "शेवटचं मात्र हे नको. गुरुवारी पहिल्यांदा गायलो ते घे. मी मध्ये थांबलो होतो ते."

गुरुवारी दुसऱ्या कडव्यात त्याने एक अख्खी ओळ सोडून दिली होती. तिने दारावर टकटक करून सांगितलं होतं, "मॅलकी, एक ओळ राहिली." तो तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला होता. मग "असं का?" म्हणून त्याने मुकाट्याने ओळीसकट पुन्हा गायलं होतं. पहिलं तिने संध्याकाळी पुसलं होतं.

"शोधते," असं म्हणून ती खोलीत पळाली आणि क्लोनडॉकिनला राहणाऱ्या मैत्रिणीला, निवेदिताला, फोन लावला.

"अगं, बॅकअप? क्लाउडवर तरी असेल ना?"

"नाही गं. ट्रॅशसुद्धा मीच रिकामा केला."

"मग सांग ना यार, लॅपटॉप क्रॅश झाला. उद्या ऑपरेशन आहे त्यांचं, उगाच कशाला टेन्शन देतेस?"

पटण्यासारखं होतं. जिना उतरता उतरता रोहिणीने वाक्य जुळवलंसुद्धा. खाली मॅलकीने चहा ओतून ठेवला होता.

"ती ओळ नोराची आहे," तो म्हणाला. "इतकी वर्षं मी तिथे गप्प बसायचो, ती गायची. गुरुवारी मी विसरलो नव्हतो. मला वाटलं, ती गाईल."

जुळवलेलं वाक्य तिने सोडून दिलं. "मी ते पुसलं," रोहिणी म्हणाली. "मला वाटलं चुकलं. परत मिळणार नाही."

उठून त्याने भरलेला कप सिंकमध्ये ओतला आणि पाठमोरा उभा राहिला. याने दोन शिव्या हासडल्या तर बरं, असं तिला वाटत होतं.

"दुसऱ्या रेकॉर्डिंगमधली ती ओळ मी कापू शकते," ती चाचरत म्हणाली. "तेवढी जागा रिकामी राहील."

"ते तुझं गप्प बसणं झालं," तो न वळता म्हणाला. "माझं नाही." आणि जिना चढायला लागला.

"डॉक्टरांनी घसा वापरू नका म्हटलंय."

"उद्यापासून नाहीच वापरणार."

हॉट प्रेसमध्ये तो उभा राहिला. गिटार सुरू झाली. पहिलं कडवं त्याने फाटक्या आवाजात ओढत नेलं. रोहिणीला मनातल्या मनात दोष मोजायचे नव्हते तरी ती मोजत होती. दुसरं कडवं आलं. नोराची ओळ आली, आणि तो थांबला. ओळ संपली. आता पुढची त्याची होती. तो गायला नाही. त्यापुढची आली, तीही गेली. रोहिणीचं बोट सवयीने रेकॉर्डिंग थांबवायच्या बटणावर गेलं, आणि तिने ते दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवलं. तिच्या हेडफोनमध्ये फिडल वाजत राहिली, सुरांमागे एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास, आणि शेवटी गिटारही थांबली.

मॅलकी बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. "हे ठेव," एवढंच म्हणाला.

गाठ निघाली. आवाज काही परत आला नाही. उरली ती नुसती कुजबुज, आणि महिनाभर तीही बंद ठेवायची होती. अल्बम पाठवल्यावर कंपनीतल्या माणसाचा फोन आला. रोहिणीने स्पीकर लावला. टेबलापलीकडे मॅलकी बसला होता.

"शेवटच्या गाण्याची फाइल अर्धवट आलीय," तो माणूस म्हणाला. "दुसऱ्या कडव्यापासून पुढे आवाजच नाही. पूर्ण फाइल पाठवाल?"

मॅलकी तिच्याकडे बघत होता.

"पूर्णच आहे," रोहिणी म्हणाली. "मी तपासलंय."