पुसलेले तोरण

दुसऱ्याच्या दोषाकडे मनुष्याची दृष्टी आपण होऊन वळते. स्वतःच्या दोषाकडे ती प्रयत्नपूर्वक वळवावी लागते. तो दिसल्यावर चारचौघांत त्याचा उच्चार करणे तर त्याहून दुष्कर. आपल्या पूर्वसूरींनी रणातले धैर्य गायिले, दानातले गायिले. परंतु कोणी विचारलेले नसताना ‘चूक माझी आहे’ असे म्हणणाऱ्याचे धैर्य बहुधा अगीतच राहिले. कासारवाडीच्या प्रभावतीबाई ओव्हाळ यांच्या ठायी ते होते. त्याची परीक्षा महाळुंग्याच्या एका कारखान्यात, अर्ध्या तासाच्या आत झाली.

प्रभावतीबाईंचे वडील त्याच कंपनीत झाडलोट करीत. मुलगी तिच्या मापन विभागात लागली आणि तीस वर्षे लोखंडाची मापे घेत राहिली. पन्नाशी उलटल्यावर लेसर स्कॅनर आला. तिपाईवरचे ते यंत्र स्वतःभोवती फिरत चहूकडे किरण फेकते, आणि किरण कोठे आदळून परतला यावरून अवकाशातील एकेक बिंदू टिपते. अशा कोट्यवधी बिंदूंतून संगणकाच्या पडद्यावर सबंध शेड उभी राहते. तीत हिंडता येते, अंतरे मोजता येतात, अजून न आलेले यंत्र आत ठेवूनही पाहता येते. बाईंनी ही विद्या सहा महिन्यांत आत्मसात केली. विभागप्रमुख म्हणून त्यांचे नाव वर गेले होते. पत्र तेवढे यायचे होते.

त्या वर्षी शेडमध्ये लोखंडी पत्रे दाबून घडवणारा बावीस टन वजनाचा प्रेस बसवायचा होता. स्कॅनसाठी सर्व यंत्रे थांबलेली हवीत, म्हणून दसऱ्याच्या सुटीचा दिवस ठरला. आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा झाली होती. प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ, आणि खांबाखांबांवरून तोरण. ते उतरवून मग स्कॅन करावा, हे बाईंना कळत होते. परंतु त्या बौद्ध घरातल्या. दुसऱ्यांच्या पूजेला आपण हात लावावा आणि उद्या कोणी काही बोलावे, हे त्यांना नको होते. ‘संगणकावर पुसून टाकू,’ असे म्हणून त्यांनी स्कॅन केला, आणि पडद्यावर एकेका झुपक्याभोवती चौकट आखून तोरण पुसले. खांब स्वच्छ झाले. त्या चित्रावरून प्रेसचा मार्ग आखला गेला. तिसऱ्या खांबापाशी सहा बोटांची फट राहत होती. ती पुरेशी होती.

तीन आठवड्यांनी प्रेस क्रेनला लागला. दोरखंड सांभाळणारे मुकादम चिमाजी मावळातले. हाताच्या इशाऱ्यांवर क्रेन चालवीत होते. प्रकल्पाचे प्रमुख ज्ञानेश घड्याळाकडे पाहत होते. बाई टॅबलेट घेऊन उभ्या होत्या. भार जमिनीपासून दोन पुरुष उंच, संथपणे तिसऱ्या खांबाकडे सरकू लागला.

बाईंनी सहज वर पाहिले. त्या खांबावर, भार जाणार होता त्याच उंचीवर, वाळलेल्या झेंडूचा एक गुच्छ सुतळीला लोंबत होता. त्यांनी टॅबलेट पाहिला. तेथे खांब गुळगुळीत होता.

सुतळी बांधायला काहीतरी लागतेच.

 त्या खांबावरूनच शेजारच्या भट्टीकडे गॅसचा नळ जात होता, आणि भट्टी चालू होती. सुतळी खिळ्यालाही बांधलेली असू शकेल. मग थांबवणारी बाई वेडी ठरेल, आणि ते पत्र कदाचित येणारच नाही. भार आणखी हातभर सरकला.

“थांबवा!” बाई ओरडल्या. “चिमाजीभाऊ, थांबवा!”

चिमाजींची मूठ वर गेली. क्रेन थांबली; प्रेस हवेत मंद डोलू लागला.

“काय झालं मॅडम?” ज्ञानेश धावत आले. “स्कॅन तर तुमचाच आहे!”

“म्हणूनच सांगतेय. त्या फुलांमागं काय आहे, ते बघायचं राहिलंय.”

“अवो बाई, भार हवेत हाय,” चिमाजी म्हणाले. “तुमच्या त्या पाटीत तर रस्ता मोकळा दिसतोय. आता फुलं वेचाया चढू व्हय?”

“चढा. वाटलं तर मागनं शिव्या द्या.”

चिमाजी पुटपुटत शिडी लावून चढले. गुच्छ बाजूला केला, आणि पुटपुटणे थांबले. 

“व्हॉल्व हाय गॅसचा,” वरून आवाज आला. “धा बोटं भाईर.”

फट होती सहा बोटांची.  मग चिमाजींनी खाली उतरून भार इंच इंच मागे घेतला आणि जमिनीला टेकवला. घाम पुसून ते बाईंजवळ आले. “शिव्या ऱ्हाऊ द्या आता,” एवढेच म्हणाले.

ज्ञानेश बाईंना कडेला घेऊन गेले. माणूस वाईट नव्हता. त्यांना बाईंचे पत्र वाचवायचे होते. “रिपोर्टमध्ये लिहू, व्हॉल्व स्कॅननंतर बसवला. कोण विचारतंय?”

“नंतर बसवला असता, तर दसऱ्याचं तोरण त्याला कसं बांधलं असतं?” बाई म्हणाल्या. “आणि उद्या दुसरं कुणी असंच पुसेल. त्याला कसं कळणार?”

बाईंनी अहवाल स्वतः लिहिला. माळा हाताने उतरवल्या नाहीत, संगणकावर पुसल्या, त्यांच्यासह व्हॉल्व पुसला गेला. चूक माझी आहे. खाली पूर्ण नाव.

पत्र आले नाही. चार वर्षे त्याच पदावर काम करून प्रभावतीबाई निवृत्त झाल्या, आणि गेल्या वर्षी निवर्तल्या. दरम्यान दसऱ्याचा मूळ स्कॅन, काही न पुसता, त्यांनी कंपनीच्या संगणकात ठेवून दिला होता. नव्याने येणाऱ्याला आधी तो दाखवतात. पडद्यावरच्या त्या शेडमध्ये झेंडूचे तोरण अजून लावलेले आहे, आणि तिसऱ्या खांबावर त्याच्यामागे व्हॉल्व आहे.